चर्चमधला ऑर्गन, आपली पेटी आणि दाविदाची वीणा

(ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे ना' आणि 'काय झालं की' छाटलेत. प्रवासात वाचणाऱ्यांसाठी.)

विंझरवरून बोलतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलात की मार्गासनी सोडल्यावर आमचं गाव. राजगड आणि तोरणा दोन्ही शेजारी. रेकॉर्डिंग घरातच करते, त्यामुळे मागं पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला तर तो आमचा पार्श्वसंगीत विभाग समजा.

आजचा विषय एका रीलमधून आला. आपल्या एका ऐकणाऱ्या मुलीनं पाठवलं होतं. युरोपातलं जुनं दगडी चर्च, समोर एक बाई मांडीजवळ छोटी हार्प घेऊन बसलेली, मागं पंचवीस-तीस जणांचा क्वायर, आणि वर सज्ज्यात ऑर्गनच्या चांदीसारख्या नळ्या. खाली तिनं लिहिलं होतं, 'ताई, असलं काही मराठीत असतं का? का हे फक्त तिकडचंच?'

असतं. आणि बऱ्याच काळापासून आहे. फक्त इथं येताना तिन्ही गोष्टींचं रूप बदललं. ऑर्गन लहान होऊन पायपेटी झाला. क्वायरची गाठ भजनाशी पडली. हार्पची गोष्ट सगळ्यात गमतीची, कारण ती इथलीच निघते. आणि या सगळ्यातलं काहीतरी आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत हरवतंय. तिथंही येते, पण आधी ऑर्गन.

हवेचं वाद्य

ऑर्गन म्हणजे भात्यानं फुंकलेल्या बासऱ्यांची रांग समजा. प्रत्येक सुराला वेगळी नळी. पट्टी दाबली की नळीखालचं झाकण उघडतं, हवा आत जाते, सूर लागतो. बोट ठेवाल तोवर तो सूर तसाच राहतो, ना वाढतो ना विरतो. ८ फूट लांब उघडी नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनं देते, १६ फुटांची नळी ३३च्या आसपास. आता हे ऐका: आपल्या फोनच्या स्पीकरला एवढा खर्ज झेपतच नाही. रीलमध्ये जो खालचा सूर ऐकू येतो असं वाटतं, तो बराचसा आपल्या मेंदूनं वरच्या सुरांवरून भरून काढलेला असतो. प्रत्यक्ष चर्चमध्ये तो कानाला कमी आणि बसलेल्या बाकाला जास्त जाणवतो. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये असा नळ्यांचा ऑर्गन आहे. कधी वाजताना मिळाला तर सोडू नका.

बहुतेकांना वाटतं की ऑर्गन हे चर्चचंच वाद्य. तसं नाहीये. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाच्या माणसानं पाण्याच्या दाबावर हवा धरून ठेवणारा पहिला ऑर्गन बनवला. पुढं रोमन लोक तो आखाड्यातल्या झुंजींच्या वेळी वाजवायचे. म्हणजे आपल्याकडं बैलगाडा शर्यतीला हलगी वाजते तसा! सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना तो नकोसाच होता. चर्चमध्ये तो शिरला कित्येक शतकांनी, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चांपैकी बऱ्याच ठिकाणी आजही वाद्य चालत नाही, नुसता माणसाचा आवाज.

मग तो एवढा रुजला कसा? माझं उत्तर असं. दोनशे माणसं, त्यातली बहुतेक कधी गाणं न शिकलेली, एकत्र गायला लागली की दोन गोष्टी होतात: लय रेंगाळते आणि सूर हळूहळू खाली घसरतो. सप्त्यात शेवटच्या अभंगापर्यंत पट्टी कुठून कुठं गेलेली असते ते पेटीवाल्याला विचारा. वीणा किंवा हार्पची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो. ऑर्गनचा विरत नाही. तो फळीसारखा खाली राहतो आणि सगळी मंडळी त्यावर उभी राहते. आपल्याकडं तानपुरा जे काम करतो ते आणि शिवाय चाल पुढं नेण्याचं काम, दोन्ही तो एकटा करतो.

(जाता जाता: मराठी प्रोटेस्टंट लोक चर्चमध्ये जमणाऱ्यांना 'मंडळी'च म्हणतात. मी दर भागाला 'नमस्कार मंडळी' म्हणते तेव्हा माझी एक कॉलेजची मैत्रीण हसते, की तू पाळकबाई झालीस.)

बोस्टनहून आलेली पेटी

१८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि १८३१मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. ही संस्था बोस्टनची. त्याच सुमाराला पुण्यात आणि कोकणात स्कॉटिश मिशनरी काम करत होते. गंमत म्हणजे हे जे स्कॉटिश लोक आले, त्यांच्या घरच्या चर्चांत तेव्हा ऑर्गनला मज्जाव होता. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चनं दार उघडलं ते १८६०च्या दशकात. तोवर तिथं एक जण ओळ सांगायचा आणि बाकीचे ती उचलायचे. ओळखीचं वाटतंय ना? बुवांनी चरण म्हणायचा आणि टाळकऱ्यांनी झेलायचा, हेच की. तिकडं आणि इकडं दोन्हीकडं कारण एकच होतं: सगळ्यांना वाचता येत नव्हतं आणि पुस्तकं नव्हती.

नळ्यांचा ऑर्गन गावोगाव नेणं शक्यच नव्हतं. तो इमारतीत बांधावा लागतो, आणि आपली हवा त्याला मानवत नाही. नळीचा सूर तापमानाबरोबर चढतो, एका अंशाला अगदी थोडा, पण सकाळच्या २० अंशांवरून दुपारच्या ३० अंशांवर गेलात तर पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळीपर्यंतच्या अंतराचा जवळपास तिसरा हिस्सा सरकतो. त्यात वाळवी, उंदीर आणि कोकणपट्टीची दमट हवा.

म्हणून आली रीडची पेटी. यात नळ्या नाहीत. पितळेची पातळ पट्टी, एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसरं टोक मोकळं; हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. ही युक्ती मुळात पूर्वेकडची, चीनच्या शेंग नावाच्या वाद्यातली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेननं १८४२मध्ये 'हार्मोनियम' नावानं पेटंट घेतलं. अमेरिकेत यातला वेगळा प्रकार झाला. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो. ऐकायला फरक पडतो: ओढलेल्या हवेचा सूर जास्त मऊ, गोल, ढकललेल्याचा जरा चढा आणि धारदार. असे ऑर्गन बनवणारी एक मोठी कंपनी, मेसन अँड हॅमलिन, बोस्टनचीच. मिशनऱ्यांसाठी तर ट्रंकेसारखे घडी होणारे ऑर्गनही निघाले. बैलगाडीत टाकायचा, गावात नेऊन पिंपळाखाली उघडायचा.

दोन्ही पायांनी भाता मारायचा म्हणून पायपेटी. पण आपण जमिनीवर बसणारी माणसं. १९व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीनं मांडी घालून वाजवता येईल अशी हाताच्या भात्याची पेटी बाजारात रुळवली, आणि मग ती सगळीकडं गेली. देवळात, गुरुद्वारात, कव्वालीत, तमाशात. आमच्या विंझरच्या भजनात काळी चारला जी पेटी लागते तिची आणि चर्चमधल्या ऑर्गनची पणजी एकच. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'असंल. पण पावसाळ्यात दोघींचं तोंड सारखंच फुगत असंल.' खरंय. जुलै-ऑगस्टात आमच्याकडं लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आणि एखादा सूर दाबला की वर यायचं नाव घेत नाही. आजोबा भजनाआधी पेटीशेजारी कंदील ठेवायचे, गाण्यासाठी नाही, उबेसाठी.

इकडं मराठी नाटकानं तर मोठा ऑर्गनच उचलला. १९१३मध्ये सुरू झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागं ऑर्गनची साथ असायची, आणि संगीत नाटकाच्या प्रयोगात तो अजूनही दिसतो. गोविंदराव पटवर्धनांसारखे वादक पेटी आणि ऑर्गन दोन्ही वाजवायचे. तुम्ही कधी नाट्यगीताचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलंत आणि मागं असा भरीव, लांबलेला सूर आला, तर तो मूळ चर्चच्या बाकांसाठी घडलेला आवाज आहे.

पण मींडेचं काय?

पेटीत बारा सूर पक्के. दोन सुरांच्या मधली जागा नाही. गळा 'ग'वरून 'रे'वर घसरत येतो, पेटी पायरी उतरते. याच कारणानं १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदीच्या आधी पेटीविरुद्ध तावातावानं लिहिणाऱ्यांत रेडिओवरचे एक इंग्रज संगीतकार होते, जॉन फोल्ड्स. इंग्रज माणूस सांगतोय की हे वाद्य भारतीय नाही, आणि भजनी मंडळ म्हणतंय आमच्या पेटीला हात लावू नका!

मला विचाराल तर दोन्ही बरोबर. विलंबित ख्यालामागं पेटी अडखळते, हे कानाला कळतंच. पण दोनशे माणसांच्या समूहगायनात मींड कोण घेतंय? तिथं पायरीच हवी.

खरी अडचण वेगळीकडं होती, शब्दांत. इंग्रजी गीताची चाल तशीच ठेवून त्यात मराठी शब्द बसवायचे, हा पहिला मार्ग. इंग्रजीत शब्दावर जिथं जोर पडतो तिथं लांब सूर बसलेला असतो. मराठीत जोराचा असा खेळ नाही, आपल्याकडं ऱ्हस्व-दीर्घ चालतं. 'परमेश्वर' घ्या. 'प' आणि 'र' लघू, 'मे' गुरू. लांब सूर जर 'र'वर आला तर गाताना होतं 'परऽऽमेश्वर'. अर्थ कळतो, पण कान म्हणतो हे कोण बोलतंय? शाळेत जबरदस्तीनं चाल लावलेल्या कविता आठवा, तसंच.

दुसरा मार्ग इथल्या छंदातून गेला, आणि तो तर फार जुना. इंग्लंडहून १५७९मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६ साली रायतूरला छापलं, आणि ते आहे जवळजवळ ११ हजार मराठी ओव्यांचं. ओवीला मात्रांचा काच नाही. जात्यावर बसते, पारायणात बसते, तशी चर्चमध्येही बसली.

मग अहमदनगर. तिथले कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं: तेच पूर्वरंग-उत्तररंग, तेच झांज आणि मृदंग, आख्यान बायबलचं. आणि त्याच नगरला पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. घरची काय उलथापालथ झाली ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा, अजून वाचलं नसेल तर हा पॉडकास्ट थांबवून वाचा. टिळकांनी अभंग, पदं, गीतं शेकड्यानं लिहिली, स्वतः कीर्तनं केली. त्यांचा आग्रह साधा होता: मराठी माणसानं देवाशी बोलायचं तर त्याच्या कानात आधीपासून असलेल्या चालीत बोलावं. मराठी प्रोटेस्टंट चर्चांत 'उपासना संगीत' नावाचं गीतांचं पुस्तक वापरतात. त्यात टिळकांची गीतं आहेत आणि परदेशी चालींवरची भाषांतरंही, एकाच जिल्दीत. त्यामुळे एकाच रविवारी एक गीत चार सुरांच्या मेळात आणि पुढचं तबल्यावर, असं सहज होतं. ऑर्गनवाल्याला दोन्ही यावं लागतं. मैत्रिणीच्या चर्चमध्ये मी गेले होते तेव्हा तिथली वादक भजन सुरू झालं की डावा हात उचलून बाजूलाच ठेवायची. फक्त उजव्या हातानं चाल. नंतर विचारलं तर म्हणाली, खालचे मेळाचे सूर दिले की भजनाचा गळा आवळतो.

चार आवाज

आता क्वायर. भजनात सगळे एकच चाल म्हणतात. कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या, पण चाल एक. क्वायरमध्ये एकाच वेळी चार वेगळ्या चाली चालतात. सोप्रानो म्हणजे बायकांचा वरचा आवाज, बहुधा मुख्य चाल तिच्याकडं. ऑल्टो बायकांचा खालचा. टेनर पुरुषांचा वरचा, बास सगळ्यात खाली. चौघं वेगवेगळं गातात आणि मिळून एक मेळ होतो. आपल्या कानाला यात सगळ्यात अवघड कोण? ऑल्टो. शेजारी उभी असलेली बाई मुख्य चाल गातेय, तुझा कान जन्मापासून मुख्य चालीला सरावलेला, आणि तुला मात्र भलतेच सूर धरून उभं राहायचंय. दोन ओळींत घसरतेस. यावर हल्लीच्या पोरांची युक्ती भारी आहे. आपला एकट्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचा, एका कानात इयरफोन लावून तो ऐकायचा, दुसरा कान बाकीच्यांसाठी मोकळा. आठवड्यात पाठ होतं.

या गाण्यात कोण उभं राहणार, यावरही भांडणं झालीत. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशात चर्चच्या क्वायरमध्ये बायकांना मनाई होती. वरच्या आवाजासाठी लहान मुलगे घ्या म्हणे. पियानो आणि ढोल-ताशासारखी वाद्यंही बाद. ऑर्गन चालेल. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ला, व्हॅटिकन परिषदेनं उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि लॅटिनऐवजी लोकभाषेला दार उघडलं. ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही मुभा दिली, आणि ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथं तिला जागा द्या असंही म्हटलं. वसईच्या चर्चमध्ये आज मराठीतून मिस्सा होते, त्यात तबला, पेटी आणि क्वायर एकत्र ऐकू येतात, ते या दारातून आलं.

तुम्ही म्हणाल, मी काही चर्चमध्ये जात नाही, मला याचं काय? तुमच्या प्लेलिस्टमधलं कुठलंही जुनं हिंदी गाणं लावा. मुखडा संपून जी व्हायोलिनची लाट येते, जिथं एकाच वेळी तीन-चार चाली चालतात, ती लिहिणारे आणि वाजवणारे बरेचसे गोव्याचे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सुरावट वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्या परंपरेतले. त्यांनी मुंबईत प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि १९५८मध्ये स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याबरोबर गायला लावलं. 'अमर अकबर अँथनी'तलं अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं आठवतंय? १९७७चं. त्यातलं नाव शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार आहे.

आणि ती हार्प

मराठी बायबलात दाविदाच्या हाती वीणा आहे. शौल राजाला वेड लागल्यासारखं व्हायचं तेव्हा हा मेंढपाळ मुलगा वीणा वाजवून त्याला शांत करायचा. इंग्रजीत तिथं हार्प. वरवर वाटतं की भाषांतर करणाऱ्यानं जवळचा शब्द दिला आणि वेळ भागवली, कारण आपली वीणा म्हणजे लांब दांडी आणि भोपळा. वारीत विणेकऱ्याच्या गळ्यात असते ती.

पण जुन्या काळात, वेदांपासून गुप्तकाळापर्यंत, 'वीणा' हा शब्द बहुधा धनुष्याच्या आकाराच्या हार्पलाच होता. वाकडी दांडी, खाली चामडं ताणलेला पोकळ भाग, मध्ये मोकळ्या तारा. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर हेच वाद्य घेऊन बसलाय. आमच्या पुणे जिल्ह्यात, मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत, राजापुढं नाच चाललाय अशा शिल्पात वाजवणाऱ्याच्या हाती अशीच धनुष्यवीणा आहे. दोन हजार वर्षांहून जुनं काम. पुढच्या वेळी लोहगडला जाल तेव्हा अर्धा तास काढा. पुढं दांडीची वीणा आली, तिनं नाव घेतलं आणि मूळ वाद्य मागं पडलं. म्हणजे दाविदाच्या हाती वीणा देणारा जेवढा बरोबर होता, तेवढं त्यालाही कदाचित ठाऊक नसेल.

ती पूर्ण संपली नाही. मध्य प्रदेशात मंडलाच्या बाजूला गोंडांचे भाट असलेले परधान पाच तारांची धनुष्यवीणा वाजवत. तिला 'बीन-बाजा' म्हणतात. १९८५मध्ये रॉडरिक नाइट या अमेरिकन अभ्यासकानं त्यावर लेख लिहिला तेव्हा संगीताच्या जाणकारांनाही नवल वाटलं, की भारतात हार्प अजून आहे? आणि इथं एक पुण्याचा धागा आहे. १९२२मध्ये जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, पुढं पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. खादी, जमिनीवरची बैठक, भारतीय चालींतली उपासना असा तिथला रिवाज. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे हेच विन्स्लो. याच आश्रमातून व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे १९३२मध्ये निघाले ते मंडलाच्या त्याच मुलखात जाऊन राहिले, आणि हिवाळ्यांनी १९४६मध्ये परधानांवर अख्खं पुस्तक लिहिलं. एक मराठी ख्रिस्ती माणूस दाविदाच्या वीणेच्या भावकीत जाऊन राहिला म्हणा.

रीलमधली हार्प मात्र लिव्हरवाली, तीसेक तारांची, लोकगीतांची. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला छोटी कळ, ती फिरवली की सूर अर्ध्यानं चढतो. म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी पट्टी लावून घ्यायची आणि मग त्यातच राहायचं. आपल्याकडं असंच कोण करतं? स्वरमंडळ. रागाप्रमाणं तारा लावायच्या आणि मग बोटं नुसती फिरवायची. तांत्रिकदृष्ट्या स्वरमंडळ हार्प नव्हे: त्याच्या तारा लाकडी पेटीला समांतर, आडव्या असतात, हार्पच्या तारा पेटीतून वर उभ्या निघतात. पण काम तेच, गाण्याभोवती सुरांचं धुकं धरायचं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याबरोबर स्वरमंडळही बनवतात. एखाद्या मराठी क्वायरला नाताळात हार्पची हौस आली, तर मी म्हणेन महागडी हार्प मागवायच्या आधी मिरजेला जाऊन या.

आता हरवणारी गोष्ट

जुन्या गीतांच्या पुस्तकात, ख्रिस्ती असो की भजनाचं, गीताच्या डोक्यावर बहुधा लिहिलेलं असतं: 'चाल', आणि पुढं कुठल्यातरी दुसऱ्या पदाचे दोन-तीन शब्द. म्हणजे ते पद ज्या चालीत गातात त्या चालीत हे गा. छापलं तेव्हा ते पद पोराबाळांना पाठ होतं. आज ते पद कुणालाच माहीत नाही. शब्द हातात आहेत, किल्ली हरवलीय. परदेशी चालींना ही भीती नाही, त्या सुरलिपीत छापलेल्या आहेत, शंभर वर्षांनी कुणीही वाजवेल. देशी चाली फक्त गळ्यात राहिल्या. ज्या गोष्टीसाठी टिळक झटले तीच सगळ्यात नाजूक निघाली.

त्यात आता ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आलाय. मी त्याच्या विरुद्ध नाही, पावसात पट्ट्या अडकत नाहीत हेच केवढं. पण त्यात तयार ठेका असतो, आणि बटण दाबलं की सगळी गीतं त्या ठेक्यात बसवायचा मोह होतो. जी चाल धुमाळीत किंचित रेंगाळत चालायची ती ठोकळ्यासारखी सरळ होते. मैत्रिणीची आजी एक गीत ज्या चालीत म्हणते ती त्यांच्या चर्चमध्ये आता दुसऱ्या कुणालाच येत नाही. आजी ८३ वर्षांच्या आहेत.

म्हणून तुमच्या घरात, चर्चमधली असो, भजनातली असो, जात्यावरची असो, अशी चाल येणारं कुणी असेल तर फोन काढा. आधी त्यांना नाव, गाव आणि ही चाल कुणाकडून शिकलात ते बोलायला लावा. मग वाद्याशिवाय, टाळीवर, ध्रुवपद दोनदा आणि सगळी कडवी. चार ओळी झाल्यावर थांबवू नका, कारण चालीतले बदल तिसऱ्या-चौथ्या कडव्यातच येतात. पंखा बंद करा. फोन उशीवर ठेवा, टेबलावर नको, टेबल ठोके उचलतं. आवाज सुंदर करणारी अ‍ॅप लावू नका. कापरा आवाज कापराच राहू दे, त्यातल्या जागा खऱ्या असतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हॉइस मेसेज करू नका, फाईल डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे आवाज दाबला जात नाही. फाईलच्या नावात गीताचे पहिले शब्द, गाव आणि वर्ष टाका. 'ऑडिओ ००४७' नावाची फाईल दोन वर्षांनी तुम्हालाच सापडणार नाही.

मैत्रिणीच्या आजीचं रेकॉर्डिंग आम्ही येत्या रविवारी उपासनेनंतर करतोय. त्यांनी एकच अट घातलीय, पेटी हवी आणि ती काळी दोनला लावायची, हल्ली चारपर्यंत आवाज जात नाही म्हणाल्या. आजोबांची पेटी घेऊन मी शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं निघतेय.